नुसती मान डोलवू नकोस

यंदा गौरी-गणपतीला गावी येणार नाही, गुडघा धरलाय, असं तू जाऊबाईंना कळवलंस म्हणे. गुडघ्याचं मला सांगू नकोस. मागच्याच महिन्यात पर्वती चढून आलीस तू. दुखणं कुठलं आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते झाकायला गुडघा पुढे का करावासा वाटतो तेही ठाऊक आहे. गुडघा दुखतो म्हटलं की लोक खुर्ची आणून देतात. ऐकू येत नाही म्हटलं की हसतात.

तर जरा बस आणि माझं ऐक. माझे कान तुझ्या कितीतरी आधी गेलेत, तेव्हा या एका बाबतीत तरी थोरलेपणाचा मान मला दे. माझं म्हणणं एवढंच आहे की तू जा, पण दरवर्षी जातेस तशी जाऊ नकोस. वीस माणसांच्या घरात सगळ्यांचं सगळं ऐकू आलंच पाहिजे हा हट्ट इथेच सोड. कुणाचं ऐकायचं, कुठे बसून ऐकायचं, कुठल्या वेळी कानांना सुट्टी द्यायची, हे घरून ठरवून निघ. आणि त्यापायी चार पाट इकडचे तिकडे करावे लागले तर करायला सांग. सणाला पाट हलवल्याने काही बिघडत नाही.

मागच्या वर्षीचं तू सांगितलंस ते अजून माझ्या डोक्यात आहे. जेवणं झाल्यावर सगळे ओटीवर बसलेले, धाकट्या दिरांनी कसलासा किस्सा सांगितला, सगळे हसले, त्यांच्याबरोबर तूही हसलीस. मग शेजारी बसलेल्या नणंदेला हळूच विचारलंस, "काय म्हणाले गं?" ती डोळे पुसत म्हणाली, "काही नाही, असंच." आणि तू उठून आत भांडी आवरायला गेलीस. या 'काही नाही'ने जितकी माणसं उठून आतल्या खोलीत गेली असतील, तितकी भांडणांनीही गेली नसतील. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. विनोद पुन्हा सांगितला की त्यात राम राहत नाही, म्हणून टाळतात बिचारे. पण ऐकणाऱ्याला वाटायचं ते वाटतंच.

दुसरं एक वाक्य तुला घरातून ऐकावं लागतं, तेही मला माहीत आहे. "हिला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!" अगं, हे वाक्य कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येक बाईच्या वाट्याला येतं, आणि गंमत म्हणजे त्यात थोडं तथ्यही असतं, फक्त कारण चुकीचं लावलेलं असतं. तुझ्या कानांचा आलेख काढला होता ना, त्या बंद खोलीत बसवून, बीप आली की बटण दाबायला लावून? तो कागद काढून बघ. डावीकडे २५० हर्ट्झचे जाड आवाज, उजवीकडे ८००० हर्ट्झचे बारीक आवाज. तुझी रेघ डावीकडे बरी आहे आणि उजवीकडे घसरत गेलेली आहे. वयामुळे नाहीतर गोंगाटामुळे कान उतरले की बहुतेकांची रेघ अशीच उतरते. आता आ, ओ, ऊ हे सगळे स्वर डावीकडे असतात आणि दणदणीत असतात. स, श, फ, ख, च असली व्यंजनं उजवीकडे, आणि मुळातच अशक्त. म्हणून आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. पुस्तकाच्या पानावर काना-मात्रा शाबूत राहाव्यात आणि अक्षरं वाळवीनं खावीत, तसं काहीतरी होतं. सहा, दहा, चहा, पहा, सगळं तुझ्या लेखी एकच. पंगतीत कुणी ताक विचारतं आणि तू भात वाढून घेतेस.

म्हणूनच थोरल्या दिरांचं बोलणं तुला कळतं, कारण त्यांचा आवाज जाड आहे. पुतण्याच्या पाच वर्षांच्या पोरीचं कळत नाही, कारण तिचा आवाज बारीक. पहाटे देवघरात सासूबाई हळू पुटपुटल्या तरी समजतं, आणि रात्री ओटीवर कुणी ओरडून सांगितलं तरी समजत नाही. लोक याचा हिशोब लावतात आणि ढोंग म्हणतात. हे एकदा कुणाला तरी शांतपणे समजावून सांग. सगळ्यांना सांगत बसू नकोस, जिला ऐकायची हौस आहे तिलाच सांग.

ओरडण्याचंही तसंच. तू म्हणतेस, "जरा मोठ्याने बोला," आणि बोलले की म्हणतेस, "ओरडता कशाला?" नवरा वैतागतो. यातही तुझा दोष नाही. आतल्या कानातल्या पेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पहिल्याइतकेच, कधी त्याहूनही जास्त बोचतात. ऐकू येणं आणि असह्य होणं यातलं अंतरच कमी होतं. शिवाय माणूस ओरडला की त्याचे स्वर वाढतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि तोंड वाकडं झाल्यामुळे ओठांवरून कळायचं तेवढंही कळत नाही. साधं बोलणं हातभर अंतरावरून ६० डेसिबलच्या आसपास असतं, तुला तेच हवंय, फक्त जवळून आणि समोरून.

आणि "मी काय बहिरी आहे का?" असं जे तू दर वेळी म्हणतेस, त्याचं उत्तर कायद्यानेही नाही असंच आहे. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात कमी ऐकू येणाऱ्यांची गणती दोन्ही कानांत ६० डेसिबलचं नुकसान असेल तिथून सुरू होते, बहिरेपणाची ७० पासून. तुझे कान ५०च्या अलीकडे. म्हणजे कागदावर तू कुठेच नाहीस, आणि ओटीवर मात्र निम्मं बोलणं तुझ्या डोक्यावरून जातं. ही मधली जागाच फार अडचणीची. पूर्ण बहिऱ्या माणसाशी लोक खुणांनी तरी बोलतात.

आता त्या कानाच्या मशीनचं. कपाटात डबीत ठेवलंयस, गौरींच्या दिवशी घालायचं म्हणतेस, भरजरी साडीसारखं. असं करू नकोस बाई! पहिल्यांदा मशीन लावून थेट वीस माणसांत गेलीस तर तासाभरात उपटून टाकशील आणि पुन्हा हात लावणार नाहीस. मेंदूला हे आवाज ऐकायची सवय राहिलेली नसते, ती परत लागायला आठवडे जातात. आजपासून लाव. आधी घरात, एकटी असताना. पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची चुरचुर, स्वतःचाच चमत्कारिक आवाज, सगळं अंगावर येईल, येऊ दे. मग नवऱ्याशी बोलताना. मग भाजीवालीकडे. मग सोसायटीच्या आरतीला. गावी पोचेपर्यंत निदान पंखा तरी ऐकू येईनासा झाला पाहिजे.

आपल्या घरांतला खरा शत्रू स्टील आहे. वाट्या, ताटं, डाव, झारा, पातेल्यावर आपटलेला चमचा. मशीन लावून स्वयंपाकघरात गेलं की कानात खिळे ठोकल्यासारखं होतं, आणि डॉक्टरकडे मात्र आपण म्हणतो, "बरं आहे." तिथे बरं म्हणायला जाऊ नकोस. ऑडिओलॉजिस्टला सरळ सांग, की मला गणपतीत वीस माणसांत बसायचं आहे आणि भांड्यांचा आवाज सोसत नाही. अचानक येणारे खणखणाट दाबायची सोय चांगल्या डिजिटल मशीनमध्ये असते, गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅमही लावून देतात. त्यात समोरचा आवाज जास्त घेतला जातो आणि मागचा कमी. हे लक्षात ठेव, बसायची जागा निवडताना उपयोगी पडेल. तुझ्या मशीनला जोडणारा छोटा वेगळा माइक मिळतो का तेही विचार. तो बोलणाऱ्याच्या पदराला नाहीतर खिशाला अडकवला की त्याचं बोलणं थेट तुझ्या कानात येतं. थोरल्या दिरांच्या खिशाला नको, ते तो लावूनच माडीवर झोपायला जातील.

बॅटरीची एक जास्तीची पट्टी पर्समध्ये टाक, कारण तुझ्या मापाची बॅटरी वाडीतल्या दुकानात मिळेलच असं नाही. बॅटरीवरचा रंगीत कागद सोलला की ती हवेमुळे सुरू होते, मग मशीन वापर अगर नको वापरूस, ती उतरत राहते. तेव्हा आदल्या रात्री सोलून ठेवायचा शहाणपणा नको. भाद्रपदातल्या कोकणात कपाटातल्या साड्यांनाही बुरशी येते, मशीनला तर येईलच. सिलिका जेलची डबी बरोबर ने, रात्री त्यात ठेव. न्हायच्या आधी काढ, तेल लावायच्या आधी काढ. आणि विसर्जनाला गुलाल उधळायला लागले की आधी मशीन डबीत आणि डबी कमरेच्या बटव्यात. गुलालाची पूड माइकच्या भोकात बसली की ती काढणं महाकठीण.

किमतीवरून कुणी कुरकुरलं तर त्याला सांग, की हजारांपासून लाखांपर्यंत मशीनं मिळतात आणि महागातलं ते आपल्या कानाला बरं असं काही नसतं. एका दुकानात मला जे खपवत होते ते मोबाइलशी बोलायचं, पावलं मोजायचं, फक्त माझ्या जाऊशी बोलताना कुचकामी. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. तिथे तपासणी नीट होते आणि विकायची घाई कुणाला नसते.

मशीन झालं, आता माणसं. गावी पोचल्यावर एकेकाला कोपऱ्यात घेऊन आपलं गाऱ्हाणं सांगत बसू नकोस. आधीच, निघायच्या दोन-चार दिवस आधी, घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाक. नुसतं "मला कमी ऐकू येतं" म्हटलंस तर लोक हळहळतात आणि विसरतात. काय करायचं ते सांगितलं की करतात. मी लिहून देते, हवा तर जसाच्या तसा टाक:

"नमस्कार मंडळी. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते आहे. आवाज कळतो, पण गोंगाटात शब्द कळत नाहीत. माझ्याशी बोलायचं असेल तर आधी नावाने हाक मारा, समोर या आणि नेहमीच्याच आवाजात जरा सावकाश बोला. मला कळलं नाही तर मी विचारीन, तेव्हा 'काही नाही' म्हणू नका. कोणी कधी कुठे जायचं ते ग्रुपवर लिहा, व्हॉइस मेसेज पाठवू नका. मोदक नेहमीप्रमाणे मीच वळणार आहे."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. नाहीतर तुला कामातूनही मोकळं करतील, आणि कामातून गेलेली बाई सणाच्या घरात पाहुणी होऊन बसते.

घरात एक माणूस आपल्या बाजूचा हवा, पण तो नवरा नको. माझं हे मत पक्कं आहे, कुणाला राग आला तरी. नवरे वाईट नसतात, पण ते सारांश सांगतात. अर्धा तास आंब्याच्या बागेवरून भावाभावांत वाजलेलं असतं, तू विचारतेस काय चाललंय, आणि हे म्हणतात, "जमिनीचं चाललंय." बारीकसारीक, कोण काय म्हणालं, कोणाचा चेहरा पडला, हे सांगणारी पोरगी हवी. तुझी ती कॉलेजातली पुतणी आहे ना, तिला पकड. विषय बदलला की तिने तुला फक्त विषय सांगायचा: "आता दादाच्या लग्नाचं." विषय कळला की अर्धे शब्द मेंदू आपोआप भरून काढतो. विषयच माहीत नसला तर ऐकू आलेलेही शब्द फुकट जातात. तिच्या मोबाइलवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब घालून घे. समोरचा बोलतो ते मराठीत अक्षरांत उमटतं. एका माणसाचं बोलणं बरं उमटतं, चार जणांच्या कालव्यात मात्र अगम्य काहीतरी छापलं जातं, आणि आपल्या गावांची नि माणसांची नावं तर त्याला ओळखूच येत नाहीत. पण डॉक्टरांनी सांगितलेलं, गुरुजींनी सांगितलेली पूजेची तयारी, असल्या गोष्टींना चांगलं आहे.

आता ते घर. तुझ्या सासरचं घर मी पाहिलंय, म्हणून नेमकं सांगते. ओटीवर नवीन पत्रा घातलाय तिथे पावसात बसायचंच नाही. भाद्रपदातली सर पत्र्यावर कोसळली की तिथे चांगल्या कानाचेही लोक एकमेकांना खुणा करतात. माजघरात बस. तिथे कौलं आहेत, गोधड्या-गाद्यांची चवड आहे, लाकूड आहे, आवाज घुमत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये चकचकीत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे एकच शब्द चार वेळा कानावर आदळतो, तसं तिथे होत नाही. बसताना पाठ स्वयंपाकघराकडे आणि तोंड माणसांकडे. खिडकी समोरच्याच्या पाठीमागे येऊ देऊ नकोस, त्याचं तोंड काळोखात जातं. संध्याकाळी समया लागल्या की सगळं फार सुंदर दिसतं, पण ओठ दिसत नाहीत. खुशाल दिवा लाव.

ओठांचं महत्त्व तुला कळलेलं नाही, पण तू ते वाचतेस. सगळेच वाचतात. प, फ, ब, म, व हे ओठांवर दिसतात. क, ग, ह घशाकडे होतात, ते दिसत नाहीत. म्हणजे कान स्वर देतात, डोळे काही व्यंजनं देतात आणि उरलेलं आपण अंदाजाने भरतो. म्हणून तोंडात पानाचा तोबरा भरून बोलणाऱ्या काकांना तोंड रिकामं करूनच बोला म्हणावं. काका रागावतील. रागावू देत.

आणि याचमुळे मोदक वळायची बैठक आपल्याला सगळ्यात जड जाते, हे तुझ्या लक्षात आलंय का? वर्षभराच्या सगळ्या गोष्टी बायका तिथे बोलतात. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाची सून वेगळी राहायला गेली. आणि सगळ्यांच्या माना खाली, हातातल्या पारीकडे. एकीचंही तोंड दिसत नाही, मागे मोदकपात्राची वाफ, पलीकडे खोबरं खवण्याची खरखर. तू तिथे दोन तास बसून उठतेस ते डोकं धरून. म्हणून वळायला बसताना गोलात बसू नकोस. जाऊबाईंच्या बरोबर समोर बस, दोघींच्या मध्ये फक्त परात. त्या एकटीशीच बोल. बाकीच्यांचं पुतणी नंतर सांगेल. ऋषिपंचमीची भाजी निवडायची असते ना, ते काम तर मागूनच घे, आणि सोबतीला कुणीतरी एकच जण. अळू, भेंडी, मक्याची कणसं निवडत पडवीत बसलेल्या दोघींना जेवढं बोलता येतं तेवढं ओटीवरच्या मैफलीत सात जन्मात येत नाही.

पंगतीचा मात्र नीट विचार करावा लागतो. पंगतीत सगळे एका ओळीत, शेजारच्याचं तोंड बाजूला, समोरची रांग लांब, मध्ये वाढणाऱ्यांची ये-जा. तुझा उजवा कान बरा आहे. मग ओळीच्या डाव्या टोकाला बस, म्हणजे सगळी माणसं तुझ्या उजव्या हाताला येतील. मधल्या पाटावर बसलीस की निम्मी पंगत वाया गेली. वाढणाऱ्या मुलींना सांगून ठेव, की पदार्थ दाखवून विचारा. आग्रहाला तसंही शब्द लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. न कळताच "हो, हो" करून मान डोलवायची जी खोड आपल्याला लागते ना, ती सोड. वेळ निभावून नेल्यासारखं वाटतं, पण ते अंगाशी येतं. आमच्या सासरच्या एका आत्याबाई अशाच. मुलाचं लग्न जमलं, बैठकीत विहीणबाईंनी विचारलं, की साखरपुडा तुमच्याकडे करताय ना सगळा? आत्याबाईंनी हसून मान डोलवली. त्यांना वाटलं, साखर किती घालू विचारतायत. दोनशे पानांचा साखरपुडा त्यांच्या गळ्यात पडला, आणि त्यांच्या यजमानांनी पुढे वर्षभर बिनसाखरेचा चहा घेतला.

तेव्हा कळलं नाही तर विचार. पण "काय?" म्हणून विचारू नकोस. "काय?" म्हटलं की समोरचा सगळं पहिल्यापासून, आणि मोठ्याने सांगतो. जेवढं कळलं तेवढं आपण म्हणायचं आणि हरवलेलं तेवढंच मागायचं. "उद्या निघायचं हे कळलं, किती वाजता?" दोनदा सांगूनही एखादा शब्द येत नसला तर "वेगळ्या शब्दांत सांग" म्हण. जो शब्द तुझ्या कानात शिरत नाही तो तिसऱ्यांदाही शिरणार नाही. 'गुरुवार' कळला नाही तर 'परवा' कळेल. आकडे आणि वेळा उलट म्हणून दाखव: "म्हणजे सहा ना? दहा नाही?"

आणि बोलायला पुढाकार घे. आपण विषय काढला की निदान विषय तरी आपल्याला माहीत असतो. पण मग आपणच बोलत सुटायचं नाही हं. कमी ऐकू येणाऱ्यांतले काही जण दुसऱ्यांना बोलूच देत नाहीत, कारण ऐकण्यापेक्षा बोलणं सोपं. लोकांना वाटतं शिष्ट आहेत.

रात्रीच्या खेळांत भेंड्या लावल्या की तू सरळ उठ. गाण्याचं अक्षर कानांनी पकडणं आपल्या आवाक्यातलं नाही, त्यात मानापमान मानायचा नाही. पण हाउझी निघाली तर आकडे काढणारी तू हो. पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट ऐकून खूण करणं तुला जमणार नाही, पण पिशवीतून आकडा काढून मोठ्याने पुकारायला काय लागतं? पत्त्यांत गुण लिहायचं काम घे. कागद आपल्या हातात असला की सगळे येऊन वाकून सांगतात.

आरतीला टाळ-झांजांच्या घोळक्यात मध्ये उभी राहू नकोस, दाराशी उभी राहा आणि मशीनचा आवाज खाली कर. आरत्या तुला पाठ आहेत, ऐकू आल्या नाहीत तरी चुकणार नाहीस. भजनी मंडळ आलं, जाखडीवाले आले, की थोडं ऐकून सरळ मागच्या पडवीत जा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या शेजारी मशीन बंद करून कानात ठेवलंस म्हणजे कान झाकले गेले, असं समजू नकोस. तुझं मशीन उघड्या टोपीचं आहे, त्यातून आवाज आरपार जातो. फोमचे बोळे मिळतात ते घाल. ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास चालतो असं धरतात, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ताशाजवळ तेवढा आवाज सहज असतो. तुझं मी वेगळं काय सांगायचं, पण पुतण्याच्या त्या पोरीला खांद्यावर घेऊन ढोलासमोर नाचवतात, तिला तिथून आण. दिवाळीतल्या फटाक्यांना तर चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत मुभाच आहे, आणि पोरं चार मीटर लांब कुठली उभी राहतात?

संध्याकाळपर्यंत तू दमून जाशील, काही न करता दमशील, आणि लोक म्हणतील, हिने केलं काय एवढं? शब्द जुळवत बसणं हे कष्टाचंच काम आहे. दुपारी जेवणं झाली की मशीन काढून तासभर माडीवर पड. कुणाला खुलासा देऊ नकोस. रात्री जिच्याशेजारी झोपशील तिला मात्र सांगून ठेव, की मशीन काढल्यावर हाका मारायच्या नाहीत, दिवा लावून खांद्याला हात लावायचा. मध्यरात्री वीज गेली आणि काळोखात कुणी काही सांगायला लागलं, तर आपण दोन्हीकडून गेलो. उशाशी विजेरी ठेव.

कुणीतरी थट्टा करणारच. मुद्दाम ओठ हलवून आवाज न करता बोलणारे, "बहिरीपुढे काय बोलायचं" म्हणणारे एखादे भावोजी प्रत्येक घरात असतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि हसूनही साजरं करू नकोस. सरळ तोंडाकडे बघत राहायचं, काही न बोलता, ते थांबेपर्यंत. फार वेळ लागत नाही.

आणि गेलीस की एक काम करून ये. तुझ्या सासूबाईंना सगळे हेकट म्हणतात. विचारलं एक की उत्तर दुसरंच देतात, टीव्ही वाडीभर ऐकू जाईल असा लावतात, बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि घरात माणसं वाढली की देवघरात जाऊन बसतात. आता हे सगळं वाचून तुला काही ओळखीचं वाटतंय का? माझी खात्री आहे, त्यांचे कान तुझ्याहून वाईट आहेत आणि आजवर कुणी तपासलेले नाहीत. कदाचित नुसता मळ असेल, तो डॉक्टरांनी दहा मिनिटांत काढला की निम्मा हेकटपणा जाईल. तेल ओतायचं नाही, आकडा किंवा काडी घालायची नाही, एवढं आत्ताच सांगून ठेव. आणि त्यांना अलीकडे एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर विसर्जनाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं. तिथे पहिले काही दिवसच उपचाराचे असतात.

पण हे तू काढू नकोस. सुनेने सासूला बहिरी म्हटलं, असं होऊन बसेल. नणंदेला पुढे कर. आणि त्यांना कान तपासायला रत्नागिरीला नेताना गाडीत मागून हाका मारत बसू नका. नणंदेला त्यांच्या शेजारी बसवा, ज्या कानाने बरं येतं त्या बाजूला. ती बाजू कुठली हे तुलाच शोधून काढावं लागेल, इतरांना ते सुचायचं नाही.